श्रीधर तिसरे

त्या रविवारी बेल एकदाच वाजली. दादा नेहमी दोनदा वाजवायचे, त्यामुळे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तव्यावर थालीपीठ लावत होते, आठवा महिना असल्यानं पोट ओट्याला टेकत होतं, आणि दादांना उशीर झाला म्हणून मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनवायची तयारीही चालली होती. कोण आहे हे न विचारताच मी खालच्या दाराचं बटण दाबलं आणि आतूनच ओरडले, "या, या! आज थालीपीठ गार मिळणार तुम्हाला." जिन्यात पावलं वाजली ती दोघांची. दारात एक तरुण पोलीस आणि एक पोलीसबाई उभ्या होत्या. बाईंनी टोपी काढून हातात धरली होती. त्यांनी दादांचं नाव घेतलं, तुम्ही त्यांच्या कोण असं विचारलं, आणि मी धाकट्या भावाची बायको म्हटल्यावर त्यांनी मला आधी बसायला सांगितलं. दादा आमच्याचकडे यायला निघाले होते. एल्बे नदीच्या काठच्या सायकलवाटेवर ते सायकलवरून उतरले, बाकावर बसले... आणि तिथंच गेले. माझा नवरा निखिल आतल्या खोलीतून आला, त्यानं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि घरभर थालीपीठ करपल्याचा वास पसरला. मला दुःख नंतर झालं, खूप झालं, अजून होतं. पण त्या क्षणी पहिल्यांदा वाटली ती भीती. मी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि माझ्या मनात आलं, नाव मोकळं झालं.

असं का मनात आलं हे सांगायचं तर आमच्या घरातल्या नावांची गोष्ट सांगायला हवी. दादा म्हणजे माझे थोरले दीर, श्रीधर. ड्रेस्डेनला पीएच.डी. करायला आले, मग इथल्याच एका चिपच्या कारखान्यात लागले आणि इथलेच होऊन गेले. आम्ही दोघं इथं आलो ते त्यांच्या भरवशावर. घर शोधण्यापासून ते आनमेल्डुंगला, म्हणजे पत्ता नोंदवायला, सोबत येऊन रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. लग्न मात्र केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "दिवसभर पांढऱ्या सुटात नाक-तोंड झाकून काम करणाऱ्याला कुठली मुलगी पसंत करणार?" आणि विषय तिथंच संपायचा.

माझ्या सासरी थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे श्रीधर आणि वासुदेव ही दोनच नावं पिढ्यान् पिढ्या आलटून पालटून चालत आलेली. दादांचे खापरपणजोबा श्रीधर, ते ओसरीवर जेवायला बसले आणि ताटावरच कलंडले. दादांचे आजोबा श्रीधर, ते कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. दोघांनीही पन्नाशी पाहिली नाही. मधले वासुदेव मात्र चांगले दात पडेपर्यंत जगले, माझे सासरेही त्यांतलेच. 'श्रीधरांना आयुष्य कमी' हे वाक्य घरात इतकं सहज बोललं जायचं की नवी नवरी असताना ते पहिल्यांदा ऐकून मी हसलेच होते. माझी नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. योगायोग कुठला आणि कारण कुठलं एवढं मला पगारापुरतं तरी कळतं. पण मी मुळात भित्री आहे. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि फोन अवेळी वाजला की आधी पाणी पिते. त्यामुळे ते वाक्य डोक्यात कुठंतरी जाऊन बसलं ते बसलंच.

माझ्या सासूबाई दादांना कधीच श्रीधर म्हणायच्या नाहीत. त्यांच्या सासऱ्यांचं नाव ते, आणि सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. मग पोटच्या मुलाचं का असेना! त्या त्यांना राजा म्हणायच्या. "राजा, चहा निवतोय." दादा बोलायला बसले की त्यांचा चहा हमखास निवायचा. पुण्याहून व्हिडिओ कॉल चालू असला तरी फोनमधून आईंची हीच हाक यायची, आणि आमच्या ओट्याजवळच्या खिडकीपाशी बसलेले दादा मुकाट्यानं कान तुटलेला निळा मग उचलायचे. ती खुर्ची त्यांची होती, तो मगही त्यांचाच.

दादांना राजांचं वेड लागलं ते बहुधा ह्या हाकेमुळेच, असं निखिल चिडवायचा. ड्रेस्डेनच्या जुन्या गावात राजवाड्याबाहेर एक लांबलचक भिंत आहे. फ्युर्स्टेनत्सुग म्हणतात तिला. पोर्सेलिनच्या पिवळट फरशांवर सॅक्सनीचे सगळे राजे घोड्यांवर बसून एकामागोमाग एक निघालेत, आणि प्रत्येकाच्या खाली त्याचं नाव लिहिलंय. आमच्याकडे पाहुणा आला की दादा त्याला आधी ह्या भिंतीपाशी न्यायचे. "हा फ्रीडरिश गंभीर," ते बोट दाखवत सांगायचे. "त्याच्यामागे फ्रीडरिश कडक. मग फ्रीडरिश भांडखोर, मग फ्रीडरिश मवाळ, आणि तो तिकडे फ्रीडरिश शहाणा. नाव सगळ्यांचं एकच. पण एकाचं आयुष्य दुसऱ्याला चिकटलं का? नावाला घाबरायचं असतं ना, तर ह्या भिंतीवरचा एकही घोडा पुढे सरकला नसता." पाहुणे हसायचे. मला मात्र कळायचं की हे पाहुण्यांसाठी नाही. ते स्वतःलाच समजावतायत.

त्यांचा सगळ्यांत लाडका होता फ्रीडरिश चावलेला. हे त्याचं खरंखुरं बिरुद आहे. त्याच्या आईला नवऱ्याच्या भीतीनं मुलांना मागे टाकून गड सोडावा लागला, आणि जाताना तिनं ह्या मुलाचा गाल असा करकचून चावला की वण जन्मभर राहिला, अशी दंतकथा आहे. "हाही आजोबांच्याच नावाचा बरं का," असं म्हणून दादा स्वतःचा गाल चोळायचे. आई पहिल्यांदा इथं आल्या तेव्हा त्यांनाही हे सगळं साग्रसंगीत ऐकवलं. लढाया, मुकुट, तहनामे, कशातच आईंना रस नव्हता. प्रत्येक राजापाशी त्या एकच विचारत होत्या, "हा किती जगला रे?" चावलेल्या फ्रीडरिशपाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. "आपण तीट लावतो, हिनं दात लावले," त्या म्हणाल्या. "मग जगला का पुढं?"

"जगला की. चांगला म्हातारा होऊन गेला."

"मग बरोबर केलं तिनं," आई म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

आजोबा ज्या वयात गेले ते वय दादांनी ओलांडलं त्या वाढदिवसाला त्यांनी आमच्याकडे पुरणपोळ्यांचा घाट घातला. पुरण स्वतः वाटलं, माझ्या मिक्सरचं भांडं बिघडवलं, आणि पहिला घास घेताना जाहीर केलं, "आज आम्ही श्रीधर दुसरे ह्यांना मागे टाकलं. ह्यापुढचा मुलूख कुणी पाहिलेला नाही." आम्ही सगळे खूप हसलो. पण मी तूप वाढायला गेले तर त्यांनी पोळीवर हात आडवा धरला. रोज सायकल, तेल कमी, मीठ कमी, जिना चढून येणं, सगळं ते काटेकोर पाळायचे. हृदय एकदा तपासून घ्या म्हटलं की मात्र टेर्मीन, म्हणजे डॉक्टरची वेळ, लवकर मिळत नाही हे जर्मनीतलं सगळ्यांत खरं वाटणारं कारण पुढं करायचे. मशीननं हो म्हटलं तर काय, ह्या भीतीनंच ते गेले नाहीत असं मला आज वाटतं. आणि लग्न का केलं नाही, तेही आता थोडं थोडं कळतं. त्यांची आजी भर तारुण्यात मागे राहिली होती...

इथले डॉक्टर मुलगा की मुलगी ते आधीच सांगतात. मुलगा आहे हे कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद दादांना झाला. आमच्या आठ वर्षांच्या सईला त्यांनी खांद्यावर घेऊन नाचवलं. मग त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मला म्हणाले, "राधिका, नाव मात्र दुसरं शोधा हं. वासुदेव ठेवा, नाहीतर एखादं नवं फॅशनचं ठेवा. श्रीधर नाव भरलेलं आहे. मी आहे तोवर ही खुर्ची रिकामी नाही." हे बोलताना ते हसत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. जिवंत माणसाचं नाव आपल्यात बाळाला ठेवत नाहीत. ते आपला जीव मध्ये घालून माझ्या बाळाला त्या नावापासून अडवून धरतायत, हे मला त्याच वेळी कळलं. मी त्यांच्या मगात पुन्हा गरम चहा ओतला.

आणि मग ती एकच बेल वाजली.

अंत्यविधीला आई येऊ शकल्या नाहीत. बाळंतपणासाठी त्यांचं तिकीट काढलेलंच होतं, ते अलीकडे ओढलं तरी गाठ पडली नाही. मी फोन धरून त्यांना सगळं दाखवत होते. इथल्या पद्धतीप्रमाणे काळ्या कोटातल्या माणसानं पुढं येऊन दादांचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा आईंनी पदराच्या दोन्ही टोकांनी कान घट्ट झाकून घेतले. रडणं आवरत नसेल असं मला वाटलं. त्यानंतर नातेवाइकांचे फोन सुरू झाले. मावससासूबाई म्हणाल्या, "रडू नकोस गं, तो कुठं जातोय? तुझ्या पोटी परत येतोय बघ. नाव काय ठेवायचं ते आता सांगायला नको." त्यांच्या बोलण्यात सगळी माया होती. मी मात्र फोन ठेवून बाळाची हालचाल चाचपू लागले. बाळानं जरा वेळ हालचाल केली नाही की मी साखर खायची, कुशी बदलायची, बोटांनी टिचक्या मारायची, आणि त्यानं लाथ मारली की रडायची. दादा मला परत हवे होते. पण ते श्रीधर होऊन परत यायला नको होते.

सईनं तर कहरच केला. ती मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं असणार. चित्र रंगवता रंगवता ती सहज म्हणाली, "डान इस्ट एर डेअर फीर्टे." मग तो चौथा होणार. काकाबरोबर भिंतीपुढं उभं राहून ती आकडे शिकली होती, त्यात तिची काय चूक? पण त्या आकड्यानं मला भिंतीवरचे योहान गेओर्ग आठवले. पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा, असे एका नावाचे चार राजे ओळीनं आहेत. दादा तिसऱ्यापर्यंत रंगवून रंगवून सांगायचे, आणि चौथ्यापाशी आले की त्यांना एकदम कॉफी आठवायची. हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं, त्याचा अर्थ मात्र कधी लावला नव्हता. आता शोधून वाचलं. चौथा योहान गेओर्ग ऐन तारुण्यात देवी येऊन गेला, मागे मुलगा नव्हता. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी निखिलला तपासून घ्यायला सांगितलं होतं, कारण शवविच्छेदनात दादांच्या हृदयाचे स्नायू जाड झालेले आढळले होते आणि असं घराण्यातून येऊ शकतं. तो गेला. मी बाहेर बाकावर बसून राहिले आणि तो बाहेर येताना त्याच्या चेहऱ्याकडे न बघता बुटांकडे बघितलं. त्याला काही नव्हतं. डॉक्टरांनी रक्तपण तपासलं, दादांच्या नमुन्याशी ताडून बघितलं, आणि बाळाची काळजी करू नका असं मला दोन वेगवेगळ्या वाक्यांत सांगितलं. मी मान डोलावली. रक्तातली भीती त्यांनी काढली. नावातली काढायला त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि जर्मनमध्ये ती त्यांना समजावून सांगण्याएवढं धाडस माझ्याकडे नव्हतं.

आई आल्या. आल्या आल्या त्यांनी डिंकाचे लाडू काढून ठेवले, मुलाच्या रिकाम्या खुर्चीवर हात फिरवला आणि कामाला लागल्या. नावाबद्दल एक अक्षर नाही. बाळ झालं, अगदी व्यवस्थित झालं, घरी आलं, तरी नाही. त्या मालीश करताना काही पुटपुटल्या की मी दाराशी जाऊन कान द्यायची. आज मागतील, उद्या मागतील... थोरला मुलगा गेलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? नगरपालिकेत नाव कळवायला अजून थोडा अवधी होता. तोवर ते बाळच होतं.

एक दिवस ऊन पडलं तसं आई म्हणाल्या, "मला ती राजाची भिंत दाखव." आम्ही ट्रामनं गेलो. बाबागाडी ढकलत मी चावलेल्या फ्रीडरिशपाशी थांबले, आणि मला आता ही टांगती तलवार सहनच होईना. "आई, नावाचं काय करायचं ते एकदा बोलून टाका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुला काय वाटलं, मी तेच नाव मागेन?"

मी बाबागाडीचा ब्रेक लावला.

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, मामंजींचं नाव घ्यायचं नाही. पुढं राजा झाला, त्याला तेच नाव ठेवलं, आणि मला वाटलं, देवानंच सोय केली. घरात त्या नावानं हाकच मारायची नाही. मी नाही, कुणालाच मारू दिली नाही. न्यायला कुणी आलंच, तर त्याला ह्या घरात त्या नावाचं कुणी ऐकूच यायला नको." त्या भिंतीकडे बघत बोलत होत्या. "इतकी वर्षं लपवला बघ मी त्याला. मग इथं आला, तर साहेबापासून शिपायापर्यंत सगळे नावानं हाका मारायला लागले. गळ्यातही नावाची पाटी. आता मला कळतं गं, असं काही नसतं. पण माझ्या हातात दुसरं होतं काय?"

मी त्यांचा हात धरला. इतके दिवस मी ज्या बाईला घाबरत होते, ती माझ्याआधी जन्मभर तेच घाबरत आली होती. त्या म्हणाल्या, "चौथा नको, राधिका. ह्याला पहिला होऊ दे." मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी तिथंच रस्त्यात रडले. आणि त्याच रडण्यात हेही उमगलं की आता श्रीधर नाव संपलं. ह्यापुढं त्या नावाचं आमच्यात कुणी असणार नाही. भिंतीच्या टोकाला शेवटचा राजाही असाच आहे, त्याच्यामागे घोडे नाहीत, नुसती पायी चालणारी साधी माणसं आहेत. दादांना तो तुकडा आवडायचा. "इथून पुढं आकडे नाहीत," असं म्हणून ते तिथं सुस्कारा सोडायचे. आईंनी पिशवीतून काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली आणि बाळाच्या गालावर चांगली ठसठशीत तीट लावली. चावलेला फ्रीडरिश आमच्या डोक्यावरून पुढं बघत होता.

बारसं घरीच केलं. निखिलला बहीण नाही, त्यामुळे आत्याचा मान आईंनीच घेतला आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं, ईशान. आमच्या घरात हे नाव ह्याआधी कुणाचंच नव्हतं. घुगऱ्या वाटल्या, सईनं पाळण्याची दोरी ओढली, मित्रमंडळी जेवून गेली. मी बाळाला घेऊन आत जरा पडले होते. त्याला कुशीत घेऊन बाहेर आले तर ओट्यापाशी आई चहा गाळत होत्या. त्यांनी कपाटातून कान तुटलेला निळा मग काढला, तो मी धुऊन ठेवला होता पण कुणाला वापरू दिला नव्हता. तो काठोकाठ भरून त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीपुढं ठेवला, आणि अंगणात खेळायला गेलेल्या पोराला बोलवावं तशी हाक मारली.

"श्रीधर... अरे श्रीधर, चहा निवतोय."

सईनं पुस्तकातून मान वर केली. माझी नजर आधी बाळाच्या छातीकडे गेली. ती वर-खाली होत होती. मग मी आईंकडे बघितलं. त्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आता लपवायला कुणी उरलं नव्हतं.